मूळ गाण्यापेक्षा कव्हर जास्त आवडलं तर?

मुक्काम_पोस्ट
गेल्या शनिवारी बाबांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडीत माझ्या मोबाइलवरची गाणी चालू होती. खंबाटकी ओलांडला आणि ‘केव्हा तरी पहाटे’ लागलं. आशाबाईंचं नव्हे, विशी-बाविशीतल्या एका मुलीने नुसत्या गिटारवर म्हटलेलं. मला ते फार आवडतं. मूळ गाणं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता ते लागलं तरी कान दुसरीकडेच असतात. ही मुलगी म्हणते तेव्हा शब्द पुन्हा ऐकू येतात.

बाबांनी दुसरी ओळही पुरी होऊ दिली नाही. “बंद कर ते.” बस, एवढंच. साताऱ्यापर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. गाजलेलं गाणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकताना मजा का येते? आणि ती येते हे कबूल करताना चोरी केल्यासारखं का वाटतं? तुम्हाला मूळ गाण्याइतकी किंवा त्याहून जास्त आवडलेली कव्हर्स आहेत का? खरं सांगा, इथे कुणाचे बाबा नाहीत.

सदाशिवपेठी
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

निशिगंधा
मी कबूल करते. ‘लग जा गले’ मी पहिल्यांदा सनम बँडचं ऐकलं, कॉलेजात असताना. लताबाईंचं नंतर. आई म्हणाली, “अगं, हे १९६४ चं गाणं आहे, ‘वो कौन थी’मधलं.” मला आपलं वाटलं होतं, या मुलांनीच केलंय! मग मूळ ऐकलं, मग मदनमोहनची सगळीच गाणी ऐकत सुटले. आता लताबाईंचंच जास्त आवडतं, पण दार त्या पोरांनी उघडलं हे विसरणार नाही.

तिरपागडा
सदाशिवपेठी आलेत म्हणजे धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसतो.

सदाशिवपेठी
तिरपागडा, बसा. शेंगदाणे घेऊन बसा.

माझं म्हणणं साधं आहे. गाणं ही गायकाची मालमत्ता नसते, तशी ती ऐकणाऱ्याचीही नसते. संगीतकाराने एखाद्या शब्दानंतर अर्धी मात्रा मोकळी सोडलेली असते ती विचार करून सोडलेली असते. खळ्यांची कुठलीही चाल घ्या. ऐकताना सोपी वाटते, म्हणायला गेलं की तोंडाला फेस येतो. आता कव्हरवाली मंडळी काय करतात? ती मोकळी जागा दिसली रे दिसली की तिथे एक हरकत कोंबतात. रिकामा प्लॉट दिसला की बिल्डरला कसं होतं, तसं. शिवाय लय अर्धी करायची, डोळे मिटायचे, आवाजात हवा भरायची, की झालं ‘अनप्लग्ड’. सगळ्या गाण्यांना एकाच आजाराने पछाडल्यासारखं वाटतं.

धागाकर्ते म्हणतात, शब्द पुन्हा ऐकू आले. मूळ गाण्यात शब्द ऐकू येत नाहीत हा आशाबाईंचा दोष की तुमच्या कानांचा?

निशिगंधा
बिल्डरची उपमा आवडली, मत नाही.

कॅसेटवाला
आमच्या लहानपणी ‘कव्हर’ हा शब्दच नव्हता. ‘व्हर्जन’ म्हणायचे. टी-सीरीजची ‘यादें’ नावाची कॅसेटींची लाट आली होती, मूळ कंपनीच्या कॅसेटपेक्षा बरीच स्वस्त. आमच्याकडे ‘रफी की यादें’ होती. कव्हरवर सोनू निगमचं नाव होतं, पण मला ‘रफी’ एवढंच दिसायचं. दहावीपर्यंत मी त्यालाच रफी समजत होतो. पुढे मित्राच्या घरी खरा रफी ऐकला आणि म्हटलं, “हा कोण? बरा गातो.”

हसू नका. ज्या आवाजात गाणं पहिल्यांदा कानावर पडतं तोच त्या गाण्याचा आवाज होऊन बसतो. आजही ती गाणी ऐकताना माझ्या कानाला सोनूचीच वाट असते. आणि सोनू निगम, कुमार सानू, अनुराधा पौडवाल या सगळ्यांचं त्या काळात या व्हर्जनच्या धंद्यावर बरंच चाललं, हेही विसरू नये.

वकिलीणबाई
कॅसेटवाला, तो धंदा चालला कारण कायद्यात त्याला वाट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(जे). मालकाला नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि ठरलेली मुदत उलटली की तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन विका. २०१२ च्या दुरुस्तीत हे कलम गेलं आणि ३१सी आलं. आता मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही, सिनेमाचं नावही नाही, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. तुमच्यासारख्या दहावीतल्या मुलांसाठीच असावं हे.

सदाशिवपेठींना आवडेल अशी गंमत म्हणजे या कलमाखाली कव्हर करायचं तर चालीत आणि शब्दांत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. हरकती कोंबायच्या असतील तर मालकाची परवानगी काढा! घरात बसून गिटारवर म्हणणाऱ्या पोरीला हे कुणी विचारत नाही तो भाग वेगळा. तिच्या व्हिडिओवर फार तर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात.

सदाशिवपेठी
संसदेत एक तरी कानसेन होता म्हणायचा.

लाकडी_रेडिओ
मी जरा उशिरा आलो. सदाशिवपेठी, एक प्रश्न विचारतो. गीतरामायण तुम्ही कुणाच्या आवाजात ऐकता?

सदाशिवपेठी
हा काय प्रश्न झाला? बाबूजींच्या. सुधीर फडक्यांच्या, आणखी कुणाच्या!

लाकडी_रेडिओ
मग अडकलात.

१९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा छप्पन्न गाणी एकट्या बाबूजींनी म्हटलेली नव्हती. पात्र तसा आवाज. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके... किती तरी जण होते. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं. आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता, मी पाच-सहा वर्षांचा असेन. गाणी मला काय कळणार! पण सीतेच्या वेळी बाईचा आवाज यायचा आणि आजी पदर डोळ्याला लावायची हे आठवतं.

बाबूजी एकट्याने सगळी गाणी म्हणायला लागले ते नंतर, जाहीर कार्यक्रमांत आणि रेकॉर्डवर. चाली त्यांच्याच, हे खरं. पण माझ्या आजीच्या हिशेबाने सीतेचं गाणं बाबूजींनी म्हणणं हेच ‘व्हर्जन’ होतं. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायची, “पुरुषाच्या तोंडी बाईचं रडणं शोभत नाही.” तुम्ही ज्याला मूळ म्हणता ते तिच्या लेखी कव्हर.

तिरपागडा
शेंगदाणे संपले, पण पैसे वसूल.

सदाशिवपेठी
हा डाव बरोबर नाही. चाल ज्याची त्यानेच ती म्हटली तर त्याला कव्हर म्हणत नाहीत. पण आजींचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, एवढं मान्य. उद्या लिहितो.

नाट्यवेडा
रेडिओकाकांनी विषय छान वळवला. मी अजून मागे नेतो.

‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं १८८२ ला. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. म्हणजे ‘प्रिये पहा’ पहिल्यांदा ज्या गळ्यातून निघालं तो गळा आपल्यापैकी कुणीच ऐकलेला नाही, ऐकणं शक्यही नाही. आम्ही छोटा गंधर्वांचा कृष्ण डोक्यावर घेतो, तेही पुन्हा म्हटलेलंच. नाट्यसंगीतात कव्हर नाही असं काही नसतंच. एकच पद पिढ्यान्‌पिढ्या नव्या गळ्यातून येत राहतं आणि लोक तिकीट काढतात ते ‘हा कसा म्हणतो’ हे ऐकायला. ‘तेच ऐकायला’ नव्हे.

आणि आता खरी गोष्ट. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं म्हटली. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ घ्या. बालगंधर्वांचं १९१६ पासून लोकांच्या कानात बसलेलं. अशा पदांना हात लावायचा म्हणजे केवढं धाडस! कुमारांनी नक्कल केली नाही, आणि उगाच मोडतोडही केली नाही. कार्यक्रमाचं नाव काय ठेवलं? ‘मला उमजलेले बालगंधर्व’. मला विचाराल तर कव्हरला मराठी शब्द शोधायची गरज नाही, तो या नावात आहे. उमजलेलं गाणं. धागाकर्त्यांच्या त्या गिटारवाल्या मुलीला काही उमजलंय का, एवढाच प्रश्न. उमजलं नसेल तर सदाशिवपेठींचा बिल्डर.

जाता जाता, ‘कट्यार काळजात घुसली’त तर अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ला दोन चाली देऊन एकाच नाटकात समोरासमोर उभ्या केल्या. १९६७ चं नाटक. २०१५ च्या सिनेमात त्यातली एक राहुल देशपांडेने म्हटली, म्हणजे वसंतरावांच्या नातवाने. आजोबांचं गाणं नातू म्हणतो त्याला कव्हर म्हणायचं की वारसाहक्क?

वकिलीणबाई
वारसाहक्क म्हणायचा तर आधी वारसदाखला दाखवा.

डलासवाली
इथे ऑफिसात कुणालाही विचारा, ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ कुणाचं, तर नव्वद टक्के लोक व्हिटनी ह्यूस्टन म्हणणार. (टक्केवारी माझ्या डेस्कच्या आसपासची.) ते डॉली पार्टनचं, १९७४ चं. लिहिलंही तिनेच, आणि प्रेमभंगावर नाही, तर ज्याच्या कार्यक्रमात ती गायची त्या पोर्टर वॅगनरची साथ सोडताना. डॉलीचं ऐकलं की ताटातुटीतला शहाणपणा ऐकू येतो, व्हिटनीचं १९९२ चं ऐकलं की छप्पर उडतं. दोन्ही खरी.

मधली गोष्ट अजून भारी आहे. एल्विस प्रेस्लीला ते गाणं म्हणायचं होतं. त्याच्या मॅनेजरने अट घातली की प्रकाशनाचे निम्मे हक्क द्या. डॉलीने नाही म्हटलं. एल्विसला! पुढे व्हिटनीचं गाणं जगभर वाजलं त्याचे पैसे डॉलीकडे आले. कव्हरमुळे मूळ माणसाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

आणि एकदा जॉनी कॅशचं ‘हर्ट’ ऐकाच. मूळ ‘नाइन इंच नेल्स’चं, १९९४ चं, तरुण माणसाचा आतल्या आत चाललेला धिंगाणा. कॅशने ते २००२ मध्ये म्हटलं, सत्तरीत, तब्येत ढासळलेली असताना. शब्द जवळपास तेच, पण तरुणाच्या तोंडी जी धमकी वाटते ती म्हाताऱ्याच्या तोंडी हिशेब वाटते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी पार्किंगमध्ये लावून दहा मिनिटं तशीच बसले होते.

ऑक्टोपॅड
बारा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंय, म्हणून दोन शब्द.

आमच्या लाइनीत कव्हर वगैरे नसतं. ‘डिट्टो’ असतं. मुकेशचा आवाज, रफीचा आवाज, किशोरचा आवाज असे गायक ठरलेले. पोस्टरवर ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ असंच छापायचे, खाली खरं नाव बारीक. म्युझिक पीसमध्ये कीबोर्डवाल्याचा एक सूर इकडचा तिकडे झाला की पहिल्या रांगेतले काका मान वर करून बघायचे. तेवढी भीती आम्हाला परीक्षेतसुद्धा वाटली नाही.

एका गणपतीत, गावाचं नाव नको, आमचा मुकेशवाला गात असताना लाइट गेली. जनरेटर चालू होईना. लोक शिट्ट्या मारायला लागले. मग ढोलकीवाला आणि हार्मोनियम स्टेजच्या कडेला आले आणि मुकेशवाल्याने माइकशिवाय सुरुवात केली. आता मुकेश नाकात गायचा म्हटला तर पाचव्या रांगेपुढे जात नाही. त्यामुळे त्याला स्वतःचा आवाज काढावा लागला. गडी मूळचा भजनी, वडील वारकरी. असा खणखणीत खुला आवाज! गाणं तेच, पण अंगावर काटा. मी बारा वर्षांत त्याचा तो आवाज त्याआधी ऐकलाच नव्हता. दहा मिनिटांनी दिवे आले आणि तो परत मुकेश झाला.

कार्यक्रम संपल्यावर त्याला म्हटलं, असंच गात जा की. म्हणाला, “त्या आवाजाला सुपारी कोण देणार?”

निशिगंधा
ऑक्टोपॅड, यावर वेगळा लेख लिहा. हट्ट समजा.

मराठी_ताशा
गंभीर झालं वातावरण. दिल्लीत मित्राचं लग्न. डीजेने ‘चिकनी चमेली’ लावलं. आम्ही सहा मराठी टाळकी एकसुरात ‘कोंबडी पळाली’ ओरडलो. नवरीकडच्यांना वाटलं, जेवणाची ऑर्डर चुकली. त्यांना समजावून सांगितलं की हे आमचं २००६ चं ‘जत्रा’तलं गाणं, तुमच्या ‘अग्निपथ’मध्ये २०१२ ला आलं, संगीतकार तेच अजय-अतुल. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी मोबाइलवर आनंद शिंदे आणि वैशाली सामंत ऐकवले तेव्हा नवरीची आजी नाचली.

श्रेया घोषालबद्दल आदर आहे. पण शिंदेशाहीला तोड नाही.

झिंगाटप्रेमी
+१. ‘धडक’मधलं हिंदी झिंगाटही तसंच. चाल तीच, गायक तेच, पण माती कुठे आहे?

पोहेवाली
आमच्या घरी जुनी मराठी गाणी परत आली ती २००८-०९ च्या लिटल चॅम्प्समुळे. माझ्या मुलाला तोवर नाट्यगीत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या पाच मुलांनी म्हटल्यावर शाळेतून येऊन गुणगुणायला लागला. ते काय होतं मग? कव्हर्सच ना? (आणि हो, आर्याच जिंकायला हवी होती.)

कार्तिकी_फॅन
पुन्हा नको तो विषय. जनतेने कौल दिला होता.

पोहेवाली
कौल आणि कान यांत फरक असतो.

प्रथमेशपंथी
दोघीही चूक.

संचालक
लिटल चॅम्प्सवर आधीचा धागा आहे. तिथे भांडा.

फोंडेकर
गोव्यातल्यांना तर हे रोजचंच. ‘बॉबी’तलं ‘ना मांगू सोना चांदी’ ऐकून लोक नाचतात, त्यातलं ‘घे घे घे’ आमच्या देखणीतलं, म्हणजे कोकणी नाचगाण्यातलं. ‘हांव सायबा पलतडी वयतां’. कलावंतीण नदी ओलांडायला नावाड्याची विनवणी करते, दामूच्या लग्नाला जायचं असतं तिला. पलीकडे नेशील तर पायातले पैंजण देते म्हणते, आणि नावाडी ‘नाका गो’ म्हणतो. १९७३ नंतर हे गाणं देशभर गेलं, फक्त नदी आणि नावाडी मागे राहिले. वाईट वाटतं का? थोडं. पण लग्नात ते वाजलं की सगळ्यात आधी आम्हीच उठतो.

गझलखोर
‘मूळ’ म्हणून जे उराशी धरतो ते मूळच असतं असं नाही. ‘आज जाने की ज़िद ना करो’ म्हटलं की फरीदा खानम. पण आधी ते हबीब वली मोहम्मद यांनी ‘बादल और बिजली’ या पाकिस्तानी सिनेमासाठी म्हटलं होतं, १९७३ मध्ये. ते ऐकून बघा, चांगलंच आहे. पण फरीदाबाईंनी त्यात जो आळस भरलाय, जाणाऱ्याचा पाय उंबऱ्यातच रेंगाळावा असा, तो मूळ गाण्यात नाही.

उलटं उदाहरणही देतो. ‘पसूरी’ २०२२ ला कोक स्टुडिओत आलं, आणि पुढच्याच वर्षी हिंदी सिनेमासाठी पुन्हा केलं. लोकांनी सळो की पळो करून सोडलं. अरिजित वाईट गातो का? नाही. पण गाणं ताजं असताना त्याला हात लावला. आधी ते जरा मुरू द्यायला हवं.

वकिलीणबाई
पाच कॅलेंडर वर्षं. बघा, कायदा शहाणा असतो.

काळी_चार
कराओके क्लबबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ठाण्यात आमचा ग्रुप आहे, सगळे निवृत्त. दर गुरुवारी एका हॉलमध्ये. ट्रॅक डाउनलोड करायचा, पट्टी दोन घरं खाली आणायची आणि सुटायचं. आम्ही रफीची वाट लावतो याची पूर्ण कल्पना आहे. एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर बँकेत कॅशियर. वर्षभर एकच गाणं म्हणतात. बायकोला आवडायचं ते. दर गुरुवारी अंतऱ्यात एकाच जागी बेसूर होतात. कुणी हसत नाही. एकदा चुकून ती जागा बरोबर लागली तर ते स्वतःच दचकले आणि पुढचे शब्द विसरले.

ऐकणाऱ्याला मजा येते का हा तुमचा प्रश्न. गाणाऱ्याला येते, त्याचं काय?

सदाशिवपेठी
‘उद्या लिहितो’ म्हणालो होतो, चार दिवस झाले. मध्यंतरी लताबाईंचं ‘श्रद्धांजली’ काढून ऐकलं. सैगल, पंकज मलिक, मुकेश, किशोर, रफी, गीता दत्त यांची गाणी बाईंनी म्हटलेली. ते मला आवडतं, वर्षानुवर्षं आवडतं, आणि ते कव्हर आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तेव्हा बिल्डरविषयीचं मत कायम ठेवून सरसकट विरोध मागे घेतो. आशाबाईंनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन वादकांच्या चौकडीबरोबर २००५ मध्ये पंचमची गाणी पुन्हा म्हटली तेही ऐकायला घेतलंय. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःचीच गाणी परत म्हणायची! तिथे मात्र मला अजून कळत नाहीये कोणतं मूळ आणि कोणतं काय.

तिरपागडा
संचालक, या प्रतिसादाची चौकट करून भिंतीवर लावा.

मुक्काम_पोस्ट
सगळ्यांचे आभार. काल बाबांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. गीतरामायणाचा भाग दोनदा वाचायला लावला. ऑक्टोपॅडची गोष्ट ऐकून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी धीर करून विचारलं, त्या दिवशी बंद का करायला लावलं? आशाबाईंचं नव्हतं म्हणून?

म्हणाले, “छे! आवाज गोड होता पोरीचा. पण ‘चुकून’ म्हणताना तिने चिवड्यातला च लावला. चाकातला पाहिजे. पुढे कसं ऐकणार?”

मी पुन्हा लावून बघितलं. खरंच चिवड्यातला आहे. इतकी वर्षं ऐकतोय, मला कधी खटकला नव्हता. आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

सदाशिवपेठी
बाबांना माझा नमस्कार सांगा. पुन्हा एकदा.

लाकडी_रेडिओ
अहो, शुक्रतारा म्हणणाऱ्या सुधा मल्होत्रा दिल्लीच्या, आणि श्रीकांत ठाकऱ्यांनी मराठी गाऊन घेतलेला रफी पंजाबचा. त्यांना जमलं ते पुण्यातल्या पोरीला जमू नये?

निशिगंधा
त्या मुलीच्या व्हिडिओखाली कुणीतरी प्रेमाने लिहा की. मी लिहिते. लिंक द्या.